नकाशा तयार, मोजणी बाकी

दुर्लक्षित पिकांच्या जनुकीय संशोधनावरील लेख वाचला. जनुकसंच (पिकाच्या डीएनएचा संपूर्ण नकाशा) उलगडला की सुधारित वाण आलेच, हा त्यातील सूर पटला नाही. भातानंतर काही वर्षांनी, २०१४ मध्ये इथिओपियातील टेफचाही जनुकसंच प्रसिद्ध झाला. हे बारीक दाण्याचे पीक नाजूक ताटामुळे लोळते, म्हणजे शेतात आडवे पडते. त्यास कारणीभूत जनुके हेरायची तर शेकडो वाणांच्या ताटांची जाडी, कोणते कधी लोळले, हे हंगामामागून हंगाम शेतातच नोंदवावे लागते. या नोंदी कच्च्या असतील तर त्यावरून काढलेला अंदाजही कच्चाच. डीएनए वाचणे आता स्वस्त झाले आहे; शेतातील ही मोजणी मात्र आजही वेळखाऊ आणि (निधी देणाऱ्यांच्या लेखी) बिनकौतुकाची! प्रकल्प मंजूर करताना या कामासाठी वेगळी तरतूद बंधनकारक करावी.

– एक पीकपैदासकार