स्मरणशक्ती मोजायची की शाळा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या अमळनेर तालुक्यात अलीकडेच झालेल्या एका आरोग्य शिबिरात बीपी आणि शुगरच्या टेबलाशेजारी टॅबलेटवरची ‘मेमरी टेस्ट’ मांडली होती. साठीपुढच्या माणसांची अशी तपासणी व्हायलाच हवी. म्हातारं माणूस तेच तेच विचारू लागलं की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो आणि विषय संपवतो. डॉक्टर ज्याला ‘एमसीआय’ (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) म्हणतात त्या अवस्थेत विसर वयाच्या मानाने जास्त असतो, पण माणूस स्वतःचे व्यवहार अजून सांभाळत असतो. म्हणून तर ती घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

शिबिरात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू बसल्या. कापूस वेचणीत कुणी किती किलो वेचला, कुणाची किती उचल बाकी, सगळं त्यांना तोंडपाठ. सूचना हिंदीत, तीही हॉलच्या गोंगाटात. चित्र दिसताच बोट लावायचं होतं. ‘हाई काच दाबाले मी घाबरस,’ त्या म्हणाल्या. यंत्राने तो उशीरही मोजला. ‘स्मृतिदोषाची शक्यता’ असा कागद हातात पडला आणि त्याच आठवड्यात घरच्यांनी त्यांच्याकडची कपाटाची किल्ली काढून घेतली.

संगणकाची चाचणी चांगली कुठे, तर ती सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारते, प्रतिसादाचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपते, आणि दरवर्षी घेतली तर माणसाची तुलना त्याच्याच मागच्या गुणांशी करता येते. पण पहिल्या खेपेचे गुण ताडायचे कुणाशी? कागदावरच्या चाचण्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. ३० गुणांच्या ‘मोका’ चाचणीत शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. तिच्या मूळ आवृत्तीत सिंह, गेंडा आणि उंट ओळखायचे असतात. उंट आमच्याकडे गुरं घेऊन फिरणाऱ्या काठेवाड्यांबरोबर येतो. गेंडा शाळेच्या पुस्तकातच भेटतो, आणि शाळाच पाहिली नसेल तर? हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदीत मुद्दाम वेगळी चाचणी बांधली गेली. अहिराणी, तावडी, पावरी बोलणाऱ्यांसाठीही तसं व्हायला हवं. जळगावचं विद्यापीठ आणि धुळे, जळगाव, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं एकत्र आली तर ते अशक्य नाही.

निरक्षरांचे कमी गुण सरसकट सोडून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज निघाला, आणि स्त्रियांत व ग्रामीण भागात प्रमाण जास्त दिसलं. कमी शिक्षण हा स्वतःच एक धोका आहे. म्हणजे नेमकी ज्यांची तपासणी अचूक हवी, त्यांचीच सर्वांत ढोबळ होते आहे.

आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याची चाचपणी करणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात वृद्धांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. तो माणसाच्या बोलीत, निवांत बसून विचारा, आणि घरच्यांनाही वेगळं विचारा. कान आणि चष्मा आधी तपासा, कारण ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? गुण कमी आले तर बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, उदासी हे सगळं पाहा. यातून आलेला विसर उपचारांनी बऱ्याचदा कमी होतो. एमसीआयचं निदान झालेल्यांतलेही सगळेच पुढे डिमेन्शियाकडे जात नाहीत. तेव्हा शिबिराचा कागद घरी न धाडता प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे जावा आणि त्यांनी भेटीची तारीख द्यावी. ही सोय नसेल तिथे टॅबलेट उघडूच नये.

— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर, जि. जळगाव