आई-बाबा, मी हो म्हटलंय

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा "बघ बाई, तुझं तुला कळतं" म्हणून फोन दादाकडे देतात, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव बाबांना, मधलं काही गाळू नकोस.

मेलबर्नच्या फ्लूच्या लॅबला मी हो कळवलंय. व्हिसा आलाय, 2 वर्षांचं काँट्रॅक्ट आहे, जानेवारीत जायचंय. विचारत नाहीये, सांगतेय, पण सांगताना पोटात कालवतंय हेही खरं.

आई, तू म्हणालीस कोंबडीचं रक्त इथे काय कमी आहे की त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जायचं. रक्ताला नाही गं जात. आणि यातलं निम्मं बाबांना माहितीये, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचं टायटर, म्हणजे त्या रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत ते, बघायला आपण शेडमधल्या कोंबड्यांचं सीरम, रक्तातलं पाणी गं, पाठवायचो, आकडा आला की बाबा ठरवायचे लासोटाची लस पाण्यातून आत्ताच द्यायची की थोडं थांबायचं. तो आकडा काढायचंच काम करते मी, फक्त आता माणसांच्या सीरमवर. प्लास्टिकची एक प्लेट असते, 96 खळग्यांची. सीरम त्यात दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं, 10 पट, 20, 40, 80, मग प्रत्येक खळग्यात मोजून विषाणू घालायचा, थोडा वेळ थांबायचं आणि शेवटी कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. विषाणू मोकळा असला तर तो पेशींना धरून ठेवतो, त्यांचं जाळं होतं आणि खळगाभर नुसता फिकट तांबूस पडदा दिसतो. सीरममध्ये अँटीबॉडी असल्या तर त्या विषाणूला आधीच पकडतात, मग पेशी निवांत खाली बसतात, तळाला कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. प्लेट तिरकी केली की तो ठिपका ओघळतो, ओघळला म्हणजे पेशी खरंच मोकळ्या आहेत. असा ठिपका शेवटी ज्या खळग्यात दिसतो, तिथलं सीरम जितके पट पातळ, तो आपला आकडा. फ्लूत 40 आला तर साधारण निम्मा धोका टळला असं धरतात.

हे ज्याच्या लक्षात आलं ना, हर्स्ट नावाचा डॉक्टर, न्यूयॉर्कमध्ये 1941 साली, तोही अंड्यांवरच काम करत होता. फ्लूचा विषाणू वाढवलेल्या अंड्यातलं पाणी काढताना गर्भाची एखादी रक्तवाहिनी फाटली की रक्ताच्या पेशी त्या पाण्यात एकमेकींना चिकटतात हे त्याला दिसलं. बाबा, अंडी फोडण्यात तुमचा हात त्याच्याहून नक्की साफ असेल :)

आता मीच का जायचं ते. त्या फेब्रुवारीत, 2006 ला, आधी सगळे राणीखेतच म्हणत होते. बाबा पण. मग भोपाळच्या लॅबहून रिपोर्ट आला आणि देशातला पहिला एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू, म्हणून नवापूर टीव्हीवर. त्यानंतरचं मी लिहीत नाही, दोन नंबरच्या शेडचं तर नाहीच. पण तांबड्या पेशींना दोन्ही विषाणू चिकटवतात, राणीखेतचाही आणि बर्ड फ्लूचाही. नुसत्या गुठळ्या बघून कोण आलंय ते कळत नाही, त्याला ओळखीचं सीरम लागतं. ज्या सीरमने गुठळी थांबते, त्याचा तो विषाणू. मला हे कॉलेजात पहिल्यांदा शिकवलं तेव्हा अख्खा तास मी बाबांचाच विचार करत बसले होते. कुणाची चूक नव्हती बाबा, वरून बघून ते कळण्यासारखंच नव्हतं.

मेलबर्नला जगभरातून फ्लूचे नमुने येतात, अशा लॅब मोजक्याच आहेत, लंडन, अटलांटा, टोकियो, बीजिंग वगैरे. कुठला विषाणू किती बदललाय ते बघून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या लसीत काय घालायचं ते ठरतं. आणि आता माणसांच्या फ्लूचे काही एच3एन2 विषाणू कोंबडीच्या पेशींना धड चिकटतच नाहीत, गिनीपिगच्या घ्याव्या लागतात, कधी तर ही टेस्टच बाजूला ठेवून दुसरी करावी लागते. ते शिकायचंय मला. पगाराचं बोलत नाही, पण तोही बरा आहे, फ्लॅटचा हप्ता सुटेल.

मी ठीक राहीन गं आई. मराठी मंडळ आहे, तूरडाळ मिळते, कुकर नेतेय. लॅबमध्ये रक्ताला घाबरशील म्हणतेस, पण पिल्लांना डोळ्यात लासोटाचा थेंब टाकताना तळहातावर कोण धरायचं? थेंब आत जाऊन पिल्लू डोळा मिटेपर्यंत सोडायचं नाही, हे बाबांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवलंय. अजून तसंच करते, फक्त आता हातात पिपेट असतं.

बरं, आता ऐका. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस रविवारी येईल, बाबांनी त्याला परत पाठवायचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नवीन टाकलीये. डब्याच्या ताई पोळ्या मऊ करतील, तिखट कमी, बोलणं झालंय, आणि आवडलं नाही तर सरळ बंद करा, पण आईने दोन्ही वेळचं करत बसायचं नाही. फ्लूची लस दोघांनी दरवर्षी घ्यायची, पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, "मागच्या वर्षी घेतली की" चालणार नाही कारण विषाणू मागच्या वर्षीचा राहत नाही. लागू पडायला दोनेक आठवडे जातात. बाबा, तुमचा दम आणि शुगर दोन्ही आहे, तुम्ही पहिले. घेतल्यावरही ताप येऊ शकतो, तेव्हा लसीला शिव्या न घालता डॉक्टरकडे जायचं, अंगावर काढायचं नाही.

मुंबईला सोडायला यायची गरज नाही, एवढा प्रवास कशाला. म्हणजे यायचंच असेल तर या. पण दादाच्या गाडीने या, आणि बाबांनी कानटोपी घालायची.

तुमची,
छोटी