पट्टी उतरवा, मग गुण द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मर्यादित आवृत्तीच्या एका उंची सिगारचे परीक्षण आले आहे. १०० पैकी ९६ गुण. पेटी हातात पडली त्याच संध्याकाळी पहिला सिगार पेटवला, असे परीक्षकांनी स्वतःच लिहिले आहे. दुसऱ्या सिगारचा पुढे कुठे उल्लेख नाही. म्हणजे ९६ हा आकडा एका सिगारवरून, एका संध्याकाळी, सिगारभोवतीची कंपनीच्या नावाची सोनेरी पट्टी डोळ्यांसमोर असताना आलेला आहे. त्याबद्दल हे पत्र.

मी चौतीस वर्षे मोजमापाच्या उपकरणांची पडताळणी केली. तापमापक, दाबमापक, आर्द्रतामापक, वजनकाटे. कोणी एकच वाचन लिहून आणले तर आमचे साहेब तो कागद हातातही घेत नसत. "पुन्हा घ्या, मग या," एवढेच म्हणत. ती शिस्त अंगात मुरली आहे. सिगार मी वीस वर्षांपासून ओढतो, महिन्याला एखादा, आणि प्रत्येकाची नोंद वहीत असते.

'मर्यादित आवृत्ती' या शब्दांचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. क्युबातली 'हबानोस' ही सिगार कंपनी २००० सालापासून 'एदिसिओन लिमितादा', म्हणजे मर्यादित आवृत्ती, काढते. तिथे निदान एक ठरलेला नियम आहे. सुरुवातीला बाहेरचे पान, म्हणजे रॅपर, किमान दोन वर्षे मुरवलेले असे. २००७ पासून आतला भरणा आणि तो बांधून ठेवणारे पानही तेवढेच मुरवलेले असते. रॅपर झाडाच्या वरच्या भागातले, ऊन जास्त खाल्लेले, म्हणून गडद. नेहमीच्या पट्टीच्या जोडीला काळी-सोनेरी दुसरी पट्टी आणि तिच्यावर साल. इतरत्र ज्याची त्याची व्याख्या. कोणी एखाद्या हंगामाचे राखून ठेवलेले पान वापरतो, कोणी नेहमीचाच तंबाखू वेगळ्या आकारात वळतो, कोणी फक्त पेट्या मोजून काढतो. पेट्या कमी निघाल्या एवढे या शब्दांवरून नक्की कळते. आतला सिगार कसा आहे, ते ओढल्यावरच कळणार.

मागच्या वर्षी पुतण्याने मला अशाच एका मर्यादित आवृत्तीचे पाच सिगार आणून दिले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. लांबी सहा इंच, जाडी ५२ रिंग गेज. रिंग गेज इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, तेव्हा ५२ म्हणजे साधारण २०.६ मिलिमीटर. पाचही सिगार मी काट्यावर ठेवले. सर्वांत हलका १४.३ ग्रॅम, सर्वांत जड १६.२. हाताने वळलेल्या वस्तूत इतका फरक पडणारच, त्यात वळणाऱ्याचा दोष नाही. पण या दोन ग्रॅमांचे पुढे काय होते, ते ओढणाऱ्याला पहिल्या झुरक्यातच समजते. पान ठासून भरले असेल तर गाल आत जाईपर्यंत ओढावे लागते आणि धूर तोंडात जेमतेम येतो. सैल भरले असेल तर धूर भरपूर, पण सिगार तापतो आणि कडू होतो. धूर किती सहज ओढला जातो, याला ड्रॉ म्हणतात. चांगल्या कारखान्यांत हल्ली तो शोषणयंत्रावर तपासतात. तरी एखादा आवळलेला सिगार निसटतोच.

पहिला सिगार मीही त्याच दिवशी पेटवला. इतकी वर्षे नोंदी ठेवणाऱ्या माणसाने असे करायला नको होते, पण राहवले नाही. बोटांनी दाबल्यावर तो ओलसर, स्पंजासारखा लागला, तेव्हाच थांबायला हवे होते. तीनदा विझला. अर्ध्यावर येईपर्यंत रॅपर फुटले, कारण आतले ओले पान तापून फुगते आणि बाहेरचे पातळ पान ते ताणून धरू शकत नाही. जीभ चरचरली, चव आंबट-कडवट. वहीत ७९ गुण लिहिले आणि त्याखाली 'ओला' असा शेरा मारला. तो शेरा महत्त्वाचा. तो नसता तर ते ७९ गुण सिगारचे म्हणून वाचले गेले असते. खरे तर ते सिगार ज्या ओलसर पिशवीतून प्रवास करून आले, त्या पिशवीचे होते.

उरलेले चार ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारसाठी ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, ठेवले. त्याआधी त्यातला आर्द्रतामापक तपासला. ही तपासणी कोणालाही घरी करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालायचे, आणि झाकण व मापक हवाबंद डब्यात दिवसभर ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते आणि घरातल्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. माझा मापक ७१ दाखवत होता. चार टक्क्यांची चूक! सिगारसाठी ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य धरतात, म्हणजे मापकातली चूक जवळजवळ या सगळ्या पल्ल्याएवढी होती. त्यात सुधारणा धरून खरी आर्द्रता ६६ वर आणली आणि चारही सिगार सात आठवडे तसेच ठेवले. दर रविवारी वजन घेत होतो. प्रत्येकी सुमारे पाऊण ग्रॅम उतरल्यावर वजन हलेनासे झाले. पानातला ओलावा आणि पेटीतली हवा यांचा मेळ बसला, याची एवढी भरवशाची खूण दुसरी नाही. (ह्युमिडॉरला आतून ज्या 'स्पॅनिश सीडर' लाकडाचे अस्तर असते, ते झाड नावाप्रमाणे सीडर नव्हेच, ते महोगनीच्या आणि कडुनिंबाच्या कुळातले. त्याचा वास सिगारला लागतो, म्हणून नोंदीत 'लाकडी वास' लिहिताना तो पानाचा की पेटीचा, हेही पाहावे लागते.)

आता मुख्य प्रयोग. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नेहमीचा सिगार मिळतो. त्यातले दोन मी तेवढेच आठवडे तिथेच मुरत ठेवले होते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला बोलावले. त्याने दोन मर्यादित आणि दोन साधे असे चार सिगार निवडले, पट्ट्या उतरवून त्यांना १ ते ४ आकड्यांच्या पांढऱ्या कागदी पट्ट्या लावल्या, कोणता आकडा कशाचा ते चिठ्ठीवर लिहिले आणि पाकीट चिकटवून टाकले. मर्यादित आवृत्तीचे पान जास्त गडद, ते दिसले की सगळे मुसळ केरात. म्हणून गॅलरीतला दिवा मालवून अंधारात ओढायचे ठरवले. पेटवताना ज्वाळेच्या उजेडात रंग दिसला असता, तेवढा वेळ मी डोळ्यांवर रुमाल बांधत असे आणि कापणे-पेटवणे तो करी. आठवड्याला एक, जेवणानंतर तासाभराने, सोबत फक्त साधे पाणी. झुरका मिनिटाला एक, त्याहून घाई नाही. एक तृतीयांश झाला की आत येऊन नोंद करायची, पुन्हा अंधारात.

पहिल्या आठवड्याचा सिगार सौम्य, कोरड्या लाकडाच्या चवीचा. शेवटपर्यंत सरळ जळला. दुसऱ्याने मात्र मला खुर्चीत सावरून बसायला लावले. पेटवण्याआधीच्या कोरड्या झुरक्यात भाजलेल्या बदामाचा गोडवा होता. पहिल्या भागात धूर नाकातून हलकेच सोडला तेव्हा मिऱ्यासारखी झिणझिणी आली आणि लगेच विरली. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळे नाकाचे काम. म्हणून सिगारचा धूर छातीत न घेताही नाकापर्यंत आणावा लागतो, नाहीतर निम्मा सिगार न कळताच संपतो. मधल्या भागात कोकोचा दाट कडवटपणा आणि त्यामागे जुन्या चामड्याचा वास. शेवटच्या भागात जोर वाढला. ते साहजिक आहे, कारण तोवर धूर ज्या न जळलेल्या पानांतून गाळून येतो, त्यांत आधीच्या धुराचा बराचसा अर्क साचलेला असतो. पण जोर वाढूनही चव फाटली नाही. तिसरा जवळपास तेवढाच चांगला, किंचित जास्त गोड. हाच मर्यादित आवृत्तीचा, असे मी सहकाऱ्याला छातीठोकपणे सांगितले. चौथा आवळलेला, एका बाजूने भराभर जळणारा. भरण्यातले 'लिहेरो' हे जाड, जोरकस पान सावकाश जळते, म्हणून ते बरोबर मध्यभागी यावे लागते. ते बाजूला सरकले की सिगार तिरका जळतो, आणि इथे तसेच झाले असावे.

गुण अनुक्रमे ८८, ९१, ९०, ८५.

पाकीट उघडले. दुसरा आणि चौथा मर्यादित आवृत्तीचे, पहिला आणि तिसरा साधे. सरासरी काढा: मर्यादित ८८, साधे ८९. ज्या तिसऱ्याबद्दल मी पैज लावायला तयार होतो, तो साधा निघाला. चौथा होता तोच, पहिल्या दिवशी काट्यावर १६.२ भरलेला.

इथेच थांबलो असतो तर 'मर्यादित आवृत्ती म्हणजे निव्वळ नाव' असे पत्र लिहून मोकळा झालो असतो. पण पंधरा दिवसांनी मी मर्यादित आवृत्तीचा आणखी एक सिगार ओढला, पट्टीसकट, दिवा लावून. तो विलक्षण होता. मधल्या भागातला गोडवा संपूच नये असे वाटत होते. वहीत ९५ लिहिले गेले. तो पाचांतला सर्वांत हलका, ड्रॉ उत्तम, म्हणून खरोखरच चांगला असेल. की काळी-सोनेरी पट्टी बोटांत होती म्हणून? मला दोन्ही वेगळे करता येत नाही, आणि मी प्रामाणिकपणे तसेच लिहून ठेवले आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. जास्त किंमत सांगितलेली वाइन त्यांना जास्त आवडली, इतकेच नव्हे तर मेंदूच्या चित्रणात सुखाशी जोडलेला भागही जास्त उजळलेला दिसला. ती माणसे खोटे बोलत नव्हती. माझे ९५ ही खोटे नाहीत. पण त्यांतले सिगारचे किती, हे मला सांगता येणार नाही.

तेव्हा एकाच आवृत्तीच्या चार सिगारचे माझे गुण झाले ७९, ९१, ८५ आणि ९५. सोळा गुणांचा पल्ला! आपल्या परीक्षकांचे ९६ यात कुठे बसवायचे?

पुरवणीत जागा कमी असते हे मी समजू शकतो. तरी गुणांच्या खाली दोन ओळी छापता येतील: किती सिगार ओढले, किती दिवस कोणत्या आर्द्रतेत ठेवले होते, पट्टी झाकली होती की उघडी, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त गुण किती. हे अशक्य नाही. 'सिगार अफिशिओनादो' हे अमेरिकी नियतकालिक १९९२ साली निघाले, तिथे पट्ट्या उतरवून, क्रमांक लावूनच सिगार परीक्षकांपुढे ठेवतात. त्यांच्या सगळ्या आवडीनिवडी मला पटतात असे नाही, पण ही पद्धत बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट त्या लेखात नव्हती, ती असायला हवी होती. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुसे यांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. मी हे जाणून महिन्याला एकावर थांबतो. प्रयोगाचा महिना तेवढा याला अपवाद होता आणि तो मी पुन्हा करणार नाही. जो ओढत नाही त्याने माझे पत्र वाचून सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षणापुरतेही निकोटीनचे भान लागते: उपाशीपोटी ओढलेला जोरकस सिगार डोके गरगरवतो, आणि मग चवीचे गुण देणारा माणूस खरे तर गरगरण्याचे गुण देत असतो.

पाचवा सिगार अजून ह्युमिडॉरमध्ये आहे. वजन १४.६ ग्रॅम, आर्द्रता ६६. आपले परीक्षक असेही ओढतात, तेव्हा त्यांची तयारी असेल तर तो आणि त्याच मापाचा एक साधा, असे दोन्ही पट्ट्या उतरवून, क्रमांक लावून आपल्या कार्यालयात पोहोचवतो. चिठ्ठीचे बंद पाकीट आपल्यापाशी ठेवा. त्यांनी दोन्हींचे गुण लिहून दिल्यावरच ते उघडावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकरण-तपासनीस
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)