ग्रँथमची शाळा

नॉटिंगहॅम,
१२ जानेवारी

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. ऊसतोडीला गेलेली पोरं शाळेत परत आणायला तू फडाफडांवर फिरतोयस, आणि त्या सातवीतल्या मुलीच्या बापानं तुला दोनदा माघारी पाठवलं, हे वाचून जीव तुटला. शनिवारी मी ग्रँथमला जाऊन आलो. तिथे सारखी तुझीच आठवण येत होती.

लिंकनशायरमधलं लहानसं बाजारगाव. सेंट वुल्फ्रम चर्चचा उंच मनोरा, आणि त्याच्या समोरच किंग्ज स्कूल. जवळच्या रोप्सलीत जन्मलेल्या रिचर्ड फॉक्स या बिशपनं तिला बळ दिलं. त्यानंच ऑक्सफर्डचं कॉर्पस क्रिस्टी कॉलेज काढलं, पण इकडची शाळा तो विसरला नाही. १५५३ मध्ये सहाव्या एडवर्ड राजाची सनद मिळाली. ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिनचं व्याकरण घोकायची शाळा. गणित नावापुरतंच.

१६५५ मध्ये इथे बारा वर्षांचा आयझॅक न्यूटन आला. त्याचं वूल्सथॉर्प गाव सात मैलांवर, म्हणून गावातल्या एका औषधविक्याच्या घरी राहायचा. आधी अभ्यासात मागेच होता. एका दांडग्या पोरानं पोटात लाथ मारली, तेव्हा यानं त्याला चर्चच्या आवारात लोळवलं, आणि मग अभ्यासातही त्याच्या पुढे जायचं म्हणून पार पहिल्या नंबरावर गेला. जुन्या वर्गातल्या खिडकीच्या दगडावर कोरलेलं त्याचं नाव दाखवतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. बाप त्याच्या जन्माआधीच वारलेला. सतरावं वर्ष लागल्यावर आईनं त्याला शेती बघायला घरी नेलं. तो ओढ्यावर पाणचक्क्या करत बसायचा आणि इकडे मेंढरं मोकाट. १६५९ मध्ये त्याबद्दल दंडही झाला, शिवाय डुकरं दुसऱ्याच्या रानात शिरली आणि कुंपण मोडकं ठेवलं म्हणून वेगळा. तेव्हा मामा आणि हेडमास्तर हेन्री स्टोक्स, दोघांनी आईची समजूत घातली. बाहेरगावच्या पोरांना चाळीस शिलिंग फी होती, ती स्टोक्स गुरुजींनी माफ केली आणि पोराला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला.

रवी, त्या खिडकीपाशी उभा असताना मला आपले गुरुजी दिसले. मी नववीत असताना आमच्या बांधावर येऊन तासभर दादांशी बोलत बसले होते, आठवतं? तू सायकल धरून उभा होतास.

ती शाळा आजही मुलांचीच आहे. १९४४ च्या कायद्यानंतर सरकारी शाळांतली माध्यमिकची फी गेली, पण ग्रामर शाळांसाठी अकराव्या वर्षाची निवड परीक्षा आली. पुढे इंग्लंडात बहुतेक ठिकाणी ती बंद झाली, लिंकनशायरनं मात्र धरून ठेवली. मला ती पटत नाही. एवढ्या लहान वयात पोरं निवडायची म्हटलं, तर उशिरा उमलणारं पोर हमखास मागे राहणार. न्यूटनही आधी मागेच होता की.

त्या मुलीच्या बापाकडे तू तिसऱ्यांदा जाणार म्हणालास. जाच. तिच्या राहण्याजेवणाचा वर्षाचा खर्च माझ्याकडे. किती लागतील ते कळव, लगेच पाठवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर