तांब्याच्या भांड्यांना ॲसिड नको!

मा. संपादक, स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आलंय, माळ्यावरची भांडी खाली यायला लागलीत आणि व्हॉट्सॲपवर तो ॲसिडचा व्हिडिओ परत फिरायला लागलाय. काळाकुट्ट हंडा, वरून बाथरूम साफ करायचं ॲसिड, की झटक्यात गुलाबी. बघायला लई भारी वाटतं, पण करू नका ओ.

ते असतं हायड्रोक्लोरिक, म्हणजे त्यात क्लोराईड आलंच. काळं जातं हे खरं, पण गळ्याच्या जोडात, काठाच्या दुमडीत जे शिरतं ते नुसतं पाणी ओतून निघत नाही, आणि आपल्याकडची पावसाळी हवा काय असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, त्या दमटपणात तिथूनच हिरवा गंज फुटतो. वर बंद मोरीत त्याची वाफ नाकातोंडात जाते आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन गॅस होतो, ते तर जिवावरचंच.

मीठ-चिंच बेस्ट. पण बरेच जण पहिली पायरीच खातात बघा, आधी गरम पाणी आणि साबणानं तेलकटपणा, धुराची काजळी काढायची, नाहीतर चिंच वरच्या वर घसरते आणि मग लोक म्हणतात ह्यानं काय होत नाही. नंतर चिंचेचा कोळ, मीठ, आणि हातानंच चोळायचं, काळं डोळ्यांदेखत उतरतं, की लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि सुती फडक्यानं खडखडीत कोरडं करायचं. रात्रभर लावून ठेवायचं नाही, मिठातही तेच क्लोराईड असतं, जोडात राहिलं की परत हिरवं. पितळेचं तर त्याहून वाईट, आंबटात जास्त वेळ राहिलं तर त्यातलं जस्त जातं आणि भांड्यावर तांबूस डाग पडतात.

तारेची घासणी आणि विटेची पूड मात्र लांबच ठेवा. आमच्या घरात सासूबाईंच्या माहेरची घागर आहे, काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, पण पूर्वी कुणीतरी इतकी घासलीय की आता उजेडात तिरकी धरली तरच पहिली दोन अक्षरं लागतात, गावाचं नाव गेलंच. मठारलेल्या भांड्यावरचे हातोडीचे ठोकेही असेच गुळगुळीत होतात.

आतून कल्हई असेल तर आत घासूच नका. ती कथलाची असते, कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून रिकामं भांडं गॅसवर ठेवलं की कल्हई गेलीच म्हणायची. आत तांबडं दिसायला लागलं की परत कल्हई करून घ्यायची, तोवर त्यात ताक, आमटी, सरबत असं आंबट काही नको.

आणि जुनी शिवराई किंवा कुठलं तांब्याचं नाणं सापडलं तर त्याला पितांबरीपण नको आणि लिंबूपण नको. नाण्यावरचा तो काळा-हिरवा थरच जाणकार बघतात, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. १९४० च्या दशकात इथं कोल्हापुरातच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, तिला कुणी लखलखीत केलंय का? मग घरातल्या हॉलमध्ये शोसाठी ठेवलेल्या बंबालापण आरशासारखी चमक नसली तरी चालतं की.

ह्या काळेपणालाच कंटाळून दिवाळीच्या आधी कितीतरी घागरी किलोच्या भावानं मोडीत जातात आणि बदल्यात पातळ पत्र्याचं स्टील येतं. म्हणून एक विनंती आहे, कल्हईवाले आता गल्लीत हाक देत येत नाहीत, तर आपल्या पुरवणीत शहरात आणि आसपासच्या गावांत कल्हई कुठं करून मिळते, साधारण काय दर पडतो ते छापा, आणि तेही घट बसायच्या आधी, नंतर छापून काय उपयोग.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर