पाताळातून परत यायची अट

नाशिक

प्रिय वैशे,

हे फोनवर बोलून भागणार नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणारही नाही. इकडे सगळे ठीक. आईची शुगर आटोक्यात.

कादंबरी अडलीय. राधी पाताळात उतरली, भाऊ सापडला. आता त्याला वर कसं आणायचं? जायला कुणीही जाईल गं, पण परत यायची अट फुसकी निघाली तर पुढे कोण मेलं तरी वाचक ढिम्म हलणार नाही. ग्रीकांच्या पर्सिफनीने डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला दर वर्षी परत जावं लागतं. जपान्यांची इझानामी तिथलं जेवली आणि अडकली. पण ही अट नकळत पाय अडकवते, आणि राधीने किंमत जाणूनबुजून मोजायला हवी. सुमेरच्या इनानाचं जास्त पटतं. सात दारं, दर दारात अंगावरचं एकेक काढून द्यायचं, आणि सुटायचं तर बदली माणूस द्यायचा. तिने नवराच दिला! ती मेलेली, आणि हा नटूनथटून सिंहासनावर बसलेला. तू म्हणशील, बरं केलं. आपल्याकडे रुरूने मेलेल्या प्रमद्वरेला उठवायला स्वतःचं अर्धं आयुष्य दिलं, आदिपर्वात आहे. फार सुंदर, पण हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, परत आणायला पाताळात गेलेल्या ग्रीकांच्या ऑर्फियसवरून आपण कॉलेज रोडला चहा गार होईस्तोवर भांडायचो. मागे वळून बघू नको ही अट म्हणजे देवांची शुद्ध लबाडी, असं तू म्हणायचीस. मी अजूनही म्हणते, त्याहून चोख अट नाही; प्रेमात माणूस जे केल्यावाचून राहणार नाही, नेमकं तेच बंद. पण तुझा एक मुद्दा आता पटतो. तुला यायचंय का, हे युरिडिसीला कुणी विचारलंच नाही.

पटला तो रामकुंडावर. अण्णांचा दहावा होता. पिंड ठेवला, कावळे समोरच्या पत्र्यावर ओळीने बसलेले, एकही खाली येईना. दादा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. वहिनी म्हणाली, घर विकणार नाही. धाकटा तर रडायलाच लागला. एक कावळा उतरला, पिंडाभोवती तिरका तिरका चालला आणि चोच न लावता उडाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. सगळे सुटल्यासारखे उठले. मला तेव्हापासून चैन नाही. अण्णांचं काय राहिलं होतं, वैशे? त्या वहीचं का?

राधीची अट मला तिथेच सापडली. त्याच्या मनातलं ओळखून ती नेमका शब्द देत नाही, तोवर भावाचं पाऊल उचलणारच नाही. आणि ओळखता ओळखता दिलेले सगळे शब्द पाळायचे, चुकलेलेसुद्धा. वय एका दिवसाने कमी होणार नाही, पण वर आल्यावर आयुष्य तिचं एकटीचं उरणार नाही. अण्णांच्या पिंडावरून हे उचललं, ते बरं की वाईट, तू सांग. नको म्हणालीस तर पानं फाडते.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीची दहावी ना यंदा? भावोजींना नमस्कार.

वहीचं मात्र आधी लिही. तुझ्याकडेच असेल तर मी येऊन घेऊन जाते. दादाला सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.

तुझी,
मधी