बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी फोनशी बोलून लिहिते आहे. माईकच्या खुणेवर बोट ठेवायचं, मराठी निवडायचं आणि सावकाश बोलायचं, हे तुम्हीच शिकवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचता येतं, पण पानभर लिहायला हात चालत नाही. लेकीनं वाचून स्वल्पविराम, पूर्णविराम घातले, शब्द माझेच आहेत. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून इथं, चारचौघांना वाचता येईल असं सांगते.

2023 चा उन्हाळा आठवा. ऊसतोडीचा हंगाम संपला होता, म्हणजे आमच्या भाषेत पट्टा पडला होता, आम्ही उसाच्या फडावरून नुकतेच माघारी आलो होतो. आठवडी बाजाराला धारूरला आले तेव्हा मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, बटणाचा फोन तुमच्याकडे टाकला. चार्जिंगची पिन गेली होती. तुम्ही पिन बसवता बसवता विचारलं, "अक्का, तुमचा नंबर कोणता?" मी म्हणाले, हाच की, मालकांचा. "आणि बँकेला कोणता दिलाय? आधारला कोणता?" मला सांगता येईना.

पुढच्या बाजारी मी पासबुक आणि आधार घेऊन आले. आधारच्या साईटवर जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात, ते तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावले. ते आकडे आम्हाला ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाचे होते. खातं उघडलं तेव्हा घरात फोन नव्हता, फॉर्म त्यानंच भरला होता आणि नंबर आपला टाकला होता. म्हणजे इतकी वर्षं माझ्या नावावर पैसे आले की मेसेज त्याला जायचा. ओटीपी लागला की मी त्याच्या दारात उभी. तो कामात असला तर दोन-दोन दिवस हेलपाटे. मला वाटायचं, हे असंच असतं.

तुम्ही रागावला नाहीत, मुकादमाला नावं ठेवली नाहीत. पाठकोऱ्या कागदावर क्रमानं लिहून दिलंत: आधी सिम स्वतःच्या नावावर घ्या. मग आधार केंद्रात स्वतः जा, कारण तेव्हा नंबर ऑनलाइन बदलत नव्हता, बोटाचा ठसा द्यावा लागायचा. फी तेव्हा 50 रुपये, वर एक रुपया देऊ नका, पावती घ्या. मग बँकेत अर्ज. तो कागद अजून माझ्या पासबुकात आहे. पंधरा दिवसांनी माझ्या फोनवर पहिला मेसेज आला, खात्यात किती शिल्लक आहे ते सांगणारा. रक्कम थोडीच होती, पण तो मेसेज मी सहा-सात वेळा वाचला.

फोनचं तर किती सांगू. नवा फोन घ्यायची ऐपत नव्हती. तुम्ही लोकांनी टाकून दिलेले फोन उघडून फुगलेली बॅटरी बदलायचात, फुटलेला कॉम्बो, म्हणजे काच आणि स्क्रीन, बदलायचात, आधीच्या माणसाचं सगळं पुसून फोन कोरा करायचात आणि आमच्या बचत गटाला सामानाच्या खर्चात द्यायचात. महिन्याला दोनशे रुपये. असे चौदा फोन आमच्या वाडीत आले. प्रत्येक फोन देण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आलेला फोनचा ओळख आकडा, आधी केवायएम लिहून, सरकारच्या 14422 नंबरवर मेसेजनं पाठवायला लावलात, चोरीचा तर नाही ना हे बघायला. गरिबाच्या हातात चोरीचा फोन गेला तर पोलिसात तोच अडकतो, असं म्हणाला होतात. एवढा विचार आमच्यासाठी कुणी केला नव्हता.

आणि शिकवणं. त्याआधी फोन शिकवायच्या एका वर्गात माझं नाव होतं. अंगठा घेतला, प्रमाणपत्र मिळालं, पण फोनला हात लागला नाही. तुम्ही शनिवारी दुकान लवकर बंद करून मोटारसायकलवर घाट चढून यायचात आणि शाळेच्या ओट्यावर बसायचात. तुमचा एकच नियम होता: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. कुणी चुकलं, अडकलं, तरी तुम्ही हात मागं बांधून उभे. "बोट तुमचंच चालू द्या, अक्का." पहिल्या दिवशी मला राग आला होता. दोन मिनिटांचं काम हा माणूस स्वतः का करून देत नाही? आता मी दुसऱ्या बायांना शिकवते तेव्हा माझाही हात पुढं जातो, आणि मग तो मागं घ्यायला किती बळ लागतं ते कळतं.

त्या दिवाळीनंतर आम्ही कोयता घेऊन परत फडावर गेलो. निघायच्या आधी तुम्ही मला एक गोष्ट करायला सांगितली. दर खेपेला कारखान्याच्या काट्यावर उसाच्या वजनाची पावती मिळाली की तिचा फोटो काढायचा. फोटोवर तारीख आपोआप राहते. सगळे फोटो एका जागी ठेवायचे, त्याला 'काटा' नाव द्यायचं. मी तसंच केलं. पहाटे तीनला टायरगाडी काट्यावर लागायची, थंडीनं बोटं वळायची नाहीत, तरी फोटो काढला. मालक म्हणायचे, कशाला हा उद्योग. पट्टा पडल्यावर उचलीचा, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांचा, हिशोब झाला, तेव्हा मुकादमाच्या वहीत आमच्या अकरा खेपा कमी होत्या. मागच्या चौदा पट्ट्यांत आम्ही असा हिशोब ऐकून मान हलवून उठत होतो. त्या दिवशी मी फोन पुढं ठेवला आणि तारीखवार एकेक पावती दाखवली. आवाज चढवला नाही. तो बराच वेळ बघत बसला, मग त्यानं वहीत खाडाखोड केली. अकरा खेपा जमा झाल्या. त्या पैशातून लेकीची अकरावीची फी आणि पुस्तकं झाली. कोपीवर, फडावरच्या आमच्या झोपडीवर, माघारी येताना मालक काहीच बोलले नाहीत. रात्री म्हणाले, "मलाबी शिकव."

वाडीत नेटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बालाघाटाच्या डोंगरात आमच्याकडं रेंजची एक कांडी, तीही टेकडीवर. 2024 च्या जुलैत रिचार्ज महाग झाले तेव्हा निम्म्या बायांनी फोन नुसता बोलण्यापुरता ठेवला. तेव्हा तुम्ही किराणावाल्या आबांना तयार केलंत. पीएम-वाणी म्हणून योजना आहे, डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानं मंजूर केली, आणि तिच्यात साध्या दुकानदारालाही आपल्या ब्रॉडबँडवरून लोकांना वायफाय विकता येतं, त्याला परवाना लागत नाही, हे आम्हाला कोण सांगणार होतं? केबलवाल्याला तुम्ही भेटलात, वायर खांबावरून वाडीपर्यंत आली. लाईट गेली तरी चालावं म्हणून राऊटरला छोटा यूपीएस लावलात. पाच-दहा रुपयांचं कूपन, लागेल तेव्हा घ्यायचं. आबांच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली आता संध्याकाळी लेकरं अभ्यासाला बसतात, आणि ज्यांची माणसं फडावर आहेत त्या म्हाताऱ्या व्हिडिओ कॉलवर नातवंडं दाखवतात. माझ्या सासूबाई फोनच्या काचेवरून हात फिरवतात, पोराच्या गालावरून फिरवल्यासारखा.

त्याच वायफायवर आम्ही लाडक्या बहिणीचे अर्ज भरले. अर्जाला पैसे लागत नसताना काही ठिकाणी बायांकडून शंभर-दोनशे घेत होते. आमच्या वाडीत एकीनंही दिले नाहीत. त्याच सप्टेंबरात पाऊस कोसळला, आमच्या दीड एकरातलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. तेव्हा एक रुपयात पीकविमा होता, पण नुकसान 72 तासांत कळवावं लागायचं. तालुक्याचा रस्ता बंद. मी गुडघाभर चिखलात वावरात उभी राहून फोटो काढला आणि लिंबाखाली येऊन तक्रार टाकली. मग शेजारच्या नऊ जणांची त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच बोटानं टाकून घेतली. ज्यांचं ॲप चालेना त्यांनी पीकविम्याच्या 14447 ला फोन लावला. भरपाई किती आली आणि किती उशिरा आली ते वेगळं दुखणं आहे. पण तक्रार वेळेत गेली नाही, असं आम्हाला कुणी म्हणू शकलं नाही.

फसवणारे फोन आमच्याकडंही येतात. "पैसे घ्यायला पिन लागत नाही," हे तुमचं वाक्य गटातल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि फसवणुकीची तक्रार करायचा 1930 हा नंबर शाळेच्या भिंतीवर चुन्यानं लिहिला आहे.

भाऊ, तुम्ही म्हणता, मी दुकानदार आहे, फोन दुरुस्त करतो, एवढंच. पण त्या दिवशी तुम्ही नुसती पिन बदलून वीस-तीस रुपये घेतले असते तरी तुमचं काही चुकलं नसतं. तुम्ही नंबर कुणाकडे आहे ते विचारलं. प्रत्येक तालुक्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असतंच. हे वाचणाऱ्या अशा कुणा भावानं उद्या आपल्या गिऱ्हाइकाला तेवढंच विचारावं, म्हणूनही मी हे जाहीर लिहिलं.

गेल्या वर्षी लाडक्या बहिणीचं ई-केवायसी आलं तेव्हा वाडीतल्या तिघींच्या आधारला अजून दुसऱ्याचाच नंबर निघाला. त्यांना मी तुमचा तो कागद दाखवला. आता फी वाढली आहे, ती खाली नवीन लिहून ठेवली.

माझ्या फोनची काच फडावर तडकली, खालच्या कोपऱ्याला बोट लागत नाही. येत्या बाजारी घेऊन येते. सोबत शेंगाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी असतील, त्या ठेवून घ्या. आणि कॉम्बोचे पैसे या खेपेला पुरते घ्या. मी फोनवरूनच देणार आहे, पिन मी टाकेन.

तुमची,
अक्का
(वाडी, धारूर तालुका, जि. बीड)